मामांनी गाडीत भरलेला कापूस

रविवार, फेब्रुवारी १९६३. तळवली, आमच्या घरामागचं खळं.

हजर: माझे धाकटे दीर, गाडीखाली उताणे. मी, गाडीशेजारी गोणपाटावर. सासूबाई, ओटीवर मासे निवडत. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझ्या नवऱ्याचे आणि दिराचे मामा, चिंचेखाली बाजल्यावर पान जमवत. गैरहजर: माझे यजमान. त्यांना ठाण्याच्या गिरणीत रविवारची पाळी होती, आणि खरं सांगायचं तर तिथे ते सुखात होते.

गाडी काळी होती, म्हणजे कधीकाळी काळी होती. मिठागराच्या मालकाने वापरून वापरून टाकलेली. मामा त्या मालकाच्या मीठ वाहणाऱ्या मचव्यांची, म्हणजे लाकडी होड्यांची, डागडुजी करत. मालकाने नवी गाडी घेतली तेव्हा जुनी मामांना देऊन टाकली. मामांना चालवता येत नव्हती. त्यांनी ती अंगणात उभी केली, तिच्यावर जाळी वाळत घातली आणि वर्षभराने बहिणीला दिली. बदल्यात बहिणीचा खाडीलगतच्या खाजणातला भाताचा तुकडा घेतला. कागद झाला नाही. बहीणभावात कागद कसला, नारळ फुटला आणि झालं.

सासूबाईंनी तो तुकडा दिला तो धाकट्या मुलासाठी. दीर मिठागरात होते. मिठागरात काम करणाऱ्या माणसाचे पाय ज्याने जवळून पाहिले नाहीत त्याला मी काय सांगणार. टाचांना चिरा, चिरांत मिठाचं पाणी, बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडलेल्या, आणि चिरा कधी भरून येत नाहीत कारण सकाळ झाली की माणूस पुन्हा त्याच पाण्यात उभा. रात्री ते पायांना तेल लावून चिंध्या बांधत. सकाळी त्या चिंध्या मी धुवायची. त्यांचा वास मला आजही सांगता येईल, पण सांगणार नाही.

दिरांना गाडी चालवता येत होती. पावसाळ्यात मिठागर बंद असताना डोंगराच्या पायथ्याच्या दगडखाणीवर त्यांनी ट्रक चालवला होता, लायसन्स काढलं होतं. आणि त्या वर्षी ठाणे-बेलापूर रस्त्याला कारखाने उभे राहायला लागले होते. एका कारखान्याच्या साहेबांना ठाणे स्टेशनवरून जागेवर आणायला आणि परत सोडायला रोजची गाडी हवी होती. दिरांनी जाऊन विचारलं. सोमवारी सकाळी गाडी घेऊन ये, एक दिवस बघतो, नीट चालली तर ठेवतो, असं त्यांना सांगितलं गेलं. इकडे मिठागराच्या मुकादमाने बजावलं होतं की सोमवारपर्यंत सूट, मंगळवारी आला नाहीस तर तुझी जागा दुसऱ्याला. मीठ पिकायचे ते ऐन दिवस होते. म्हणजे सोमवारी गाडी चालली तर दीर मिठातून सुटणार होते, नाहीतर मंगळवारी परत मिठात.

तेव्हा रविवारी सकाळी आम्ही गाडी तपासायला घेतली. काय काय बघायचं ते मी आदल्या दिवशीच ठरवून ठेवलं होतं: चाकं, पाणी, बॅटरी, तेल. माझं माहेर पनवेलचं. वडील शिवणाची यंत्रं दुरुस्त करायचे. त्यामुळे मला गाडीतलं कळत नव्हतं, पण स्क्रू, नट आणि त्यांच्या खाचांचे आटे यांच्याशी ओळख होती. वडिलांचं एक म्हणणं होतं की कुठलाही स्क्रू आधी बोटांनी फिरवायचा, मग हत्याराने. बोटांनी जात नसेल तर काहीतरी चुकलंय, आणि चुकलेल्या गोष्टीवर जोर करणारा माणूस कारागीर नव्हे, बैल.

पहिल्या अर्ध्या तासातच मला त्या गाडीची किळस आली. चाकाचा एक नट पान्याने सैल करायला गेले तर तो पान्याशिवायच सैल. आतले आटे पार मेलेले, आणि नट जागेवर राहावा म्हणून खाली काहीतरी काळं, चिकट, मऊ भरलेलं. मी ते काडीने उकरलं. माशाच्या तेलाचा वास. बॅटरीच्या पट्टीचा बोल्ट हातात आला, त्याच्याही बुडाशी तेच. पाण्याच्या टाकीच्या झाकणाखाली तेच. जिथे जिथे आटे हवे होते तिथे तिथे ते काळं लोणी. नखांत गेलं ते दुसऱ्या दिवशीपर्यंत निघालं नाही.

त्या गोष्टी आम्ही एकेक करून मार्गी लावल्या. चाकाचे बाकीचे नट चांगले होते. मेलेला नट काढून टाकला आणि डिकीत सापडलेला दुसरा बसवला, तो बोटांनी शेवटपर्यंत गेला. बॅटरीची पट्टी तारेने बांधली. झाकणाला आत रबर घातलं. मग आलं तेल.

इंजिनाच्या खाली तेलाचं पात्र असतं, मिस्त्री लोक त्याला चेंबर म्हणतात. त्याच्या बुडाला एक भोक, भोकाच्या आत आटे, आणि आट्यांत एक जाडसा बोल्ट. तो काढला की जुनं तेल खाली येतं. एवढाच विषय. दिरांनी बोल्टला पाना लावला. बोल्ट फिरला. फिरतच राहिला. सैलही होईना आणि आवळलाही जाईना. शेवटी त्यांनी पकडीने धरून ओढला. कुजका दात यावा तसा तो उपसून आला आणि त्याच्याबरोबर बोटभर लांबीची कापसाची काळी वात. मागोमाग तेल, आणि ते धरायला कोणीतरी माझा कालवणाचा टोप ठेवला होता.

मी विचारलं हा टोप कोणी आणला. मामा बाजल्यावरून म्हणाले की भांडं ते भांडं, घासला की झाला.

दिरांनी तेल गळायचं थांबू दिलं. मग त्यांनी ती वात उचलून उन्हात धरली. कापसाचा पेळू, राळेत आणि मुशी माशाच्या तेलात भिजवून, पीळ देऊन, छिन्नीने ठोकून बसवलेला. असं काम आमच्या गावात ज्याला त्याला ओळखता येतं. मचव्याच्या दोन फळ्यांमधली फट अशीच भरतात. आणि आमच्या नात्यात मचव्यांच्या फटी भरणारा माणूस एकच होता, आणि तो पानाला चुना लावत होता.

दिरांनी विचारलं, "मामा, यो कापूस तुमी भरलाव?"

"मंग कोन भरनार?" मामा म्हणाले. "गलत व्हती. भरली. वरीस झाला, ठिपूस नाय गलला."

वर्षभर गाडी उभी होती. उभ्या गाडीतलं तेल थंड असतं, थंड तेल राळेला काही करत नाही. हे मी म्हणाले. मामांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी भाच्यालाच सांगितलं की तुझी वयनी पनवेलची, तिकडे शिवणयंत्रं असतात, मचवे नसतात.

मग मी सरळच विचारलं की गाडी देताना हे सांगायला नको होतं का. यावर त्यांनी जे उत्तर दिलं त्यात लबाडी नव्हती. लबाडी असती तर माझं काम सोपं झालं असतं.

"मचवा इकताना कोन सांगतं का," ते म्हणाले, "कुठं कुठं कापूस भरलाय म्हनून? कापूस भरलेला मचवाच चांगला. नाय भरला तो बुडतं."

ते खरंच तसं मानत होते. त्यांच्या लेखी गाडी दुरुस्त होती. जिथे जिथे त्यांना फट दिसली तिथे तिथे त्यांनी आपल्या हाताचं उत्तम काम केलं होतं आणि बहिणीला ती सांधलेली, राळ दिलेली, बंदरात सोडण्याजोगी वस्तू दिली होती. राग कुठे काढायचा ते कळेना म्हणून मी तो भोकावर काढला. रॉकेलची चिंधी घेऊन गाडीखाली गेले आणि ते भोक आतून स्वच्छ केलं. आटे नव्हतेच. भिंत गुळगुळीत, वर एका बाजूला छिन्नीचे ओरखडे. बहुतेक मालकाच्याच कोणा ड्रायव्हरने कधीतरी बोल्ट वाकडा घालून आवळला असणार. त्याने आटे मारले आणि मामांनी त्यांना मूठमाती दिली.

उपाय होता. मेलेले आटे जिवंत होत नाहीत, पण भोक थोडं मोठं करून नवे आटे पाडता येतात आणि त्यांत मोठ्या मापाचा बोल्ट बसवता येतो. त्यासाठी एक हत्यार लागतं, टॅप म्हणतात त्याला. पोलादी बोल्टसारखंच दिसतं, पण त्याला धारा असतात. दीर सायकल काढून दगडखाणीवर गेले. तिथे रविवारीही खडीचं यंत्र चालू असायचं. खाणीच्या फिटरची आणि त्यांची ओळख होती. त्याने टॅप, टॅप फिरवायचा दांडा, कानस आणि एक बोल्ट दिला, आणि सांगितलं की दुपारच्या ट्रकने मी गावी चाललोय, त्याआधी हत्यारं परत पाहिजेत.

मग जे काम झालं ते चांगलं झालं, आणि त्या दिवसातलं तेवढंच मी मनापासून लिहू शकते. दिरांनी आधी भोक कानसीने गोल केलं. मग टॅप सरळ धरला. सरळ आहे की नाही ते मी बाजूने बघून सांगत होते. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, किस पुसायचा, तेलाचा थेंब, पुन्हा अर्धा फेरा. घाई नाही. मिठात राबलेल्या माणसाचे हात एवढे हलके चालतील असं मला वाटलं नव्हतं. नवे आटे चकचकीत दिसले. बोल्ट बोटांनी घातला आणि तो बोटांनीच गेला, शेवटपर्यंत, मखमलीत गेल्यासारखा. एका जुन्या चपलेच्या चामड्याची चकती कापून, तेलात भिजवून मी खाली घातली. पाव फेरा पान्याने. वरून नवं तेल ओतलं. खाली कागद ठेवला. आम्ही दोघं कागदाकडे बघत बसलो. कागद कोरडा राहिला.

दीर म्हणाले, "वयनी, सुटलो बहुतेक."

जेवणं झाली. मामांनी दोनदा भात घेतला. दीर हत्यारं परत करायला खाणीवर गेले. मी तो टोप घेऊन विहिरीवर गेले. राख, चिंच, माती, पुन्हा राख. तेलाचा तवंग सुटेना. भांडं ते भांडं, हे वाक्य मी घासताना किती वेळा आठवलं असेल. बऱ्याच वेळाने जरा बरा झालेला टोप घेऊन परत आले तर खळ्यात ठोकण्याचा आवाज.

मामा गाडीखाली होते. त्यांचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. शेजारी राळेचं मडकं, शेणीवर गरम केलेलं, आणि त्याचा धूर. छिन्नी. लाकडी हातोडा. आणि पाण्याच्या हंड्यात, माझ्या पिण्याच्या पाण्याच्या हंड्यात, सकाळी ओतलेलं नवं तेल.

त्यांनी जेवण झाल्यावर आमचं काम तपासलं होतं. बोल्ट कोरडा होता. राळ नाही, कापूस नाही, नुसतं लोखंडाला लोखंड. कोरडा सांधा सोडून कुठला मचवा पाण्यात घालत नाहीत, तेव्हा त्यांनी बोल्ट काढला, तेल हंड्यात धरलं, भोकात नवा पेळू ठोकला, वर राळ ओतली, आणि त्या गच्च भरलेल्या भोकात बोल्ट घालायला गेले. तो जाईना. जाणार कसा. मग त्यांनी तो जरा तिरका धरला, जोर वाढावा म्हणून पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला, आणि दोन्ही पाय चाकाला लावून करकचून ओढला. बोल्ट गेला. नवे आटे कापत, आडवे चिरत, अर्ध्यावर जाऊन रुतला.

मी गाडीजवळ पोचले तेव्हा ते बाहेर येत होते. तोंडभर पान, दाढीला राळ. समाधानाने त्यांनी पुन्हा खाली वाकून, अंगठ्यावर थुंकून बोल्ट पुसला, आपल्या प्रत्येक कामावर ते तसं करत. म्हणाले की आता हे माझ्या मरणापर्यंत हलत नाही.

त्यात ते बरोबर होते.

दीर आले. गाडीखाली गेले. मी बाहेर उभी होते, मला फक्त पाना बोल्टवर लागल्याचा आवाज आला, मग एक करकर, मग काही नाही. बोल्ट पुढेही जाईना, मागेही येईना. अजून जोर केला तर डोकं तुटणार, आणि निघालाच तरी पुन्हा आटे पाडायला धातू उरला नव्हता, भोक आधीच कडेपर्यंत आलं होतं. फिटर एव्हाना ट्रकमध्ये बसून गेलेला. ठाण्याचं गॅरेज रविवारी बंद. मी हे सगळं मनात एका रांगेत मांडून बघितलं, रांगेच्या शेवटी काहीच नव्हतं.

दीर बाहेर आले आणि मातीत बसले. मामांना ते काही बोलले नाहीत. आमच्याकडे मामाला कोणी बोलत नाही. लग्नात मुंडावळ्या बांधण्यापासून बाशिंगापर्यंत मामा पुढे, आणि त्याच्यापुढे भाच्याने आवाज चढवला तर गावभर होतं. मी भाची नव्हते, सून होते, म्हणजे मला तर त्याहून कमी बोलायचं. तरी मी बोलले. मी म्हणाले की मामा, चालू असलेली गोष्ट तुम्ही मोडलीत, आणि हा माणूस मंगळवारी परत मिठात उभा राहणार आहे.

मामा खरोखर गोंधळले. त्यांनी दिराकडे पाहिलं, बोल्टकडे पाहिलं, आणि मग सासूबाईंना म्हणाले की सून काय बोलते ते तुला समजतं का, मी सांधा पक्का केला आणि ती म्हणते मोडला.

सासूबाई सगळं ऐकत होत्या. त्यांनी खाजणातला तुकडा दिला होता. त्यांच्या मुलाचे पाय त्यांनाही दिसत होते. मला वाटलं आता तरी काही म्हणतील. त्यांनी भावाच्या हाताकडे पाहिलं. राळेने बोट भाजलं होतं. त्या उठून आत गेल्या आणि खोबरेल घेऊन आल्या. भावाच्या बोटाला लावता लावता मला म्हणाल्या, "भाव हाय माजा. दिवालीला यो नाय आला तं कोन येईल?"

त्यानंतर हंड्यातलं तेल गाळून परत इंजिनात ओतलं आणि मी ओटीवर बसून हंडा घासायला घेतला. दुसरं काय करणार होते.

मामांनी निघताना एक सूचना केली. मचवा उन्हात राहिला की लाकूड आटतं आणि सांधे उघडतात, म्हणून त्याला पाणी पाजावं लागतं. लाकूड फुगलं की फट आपोआप मिटते. तेव्हा रात्री चेंबरला ओली गोणपाटं बांधून ठेवा. मी म्हणाले लोखंड फुगत नाही. ते म्हणाले कापूस फुगतो. दिरांनी रात्री खरंच ओली गोणपाटं बांधली. माणूस अगदी टेकीला आला की काहीही बांधतो.

सोमवारी सकाळी बोल्टखाली एक थेंबही नव्हता. अर्थातच नव्हता, गाडी थंड होती. मी सांगितलं की जाऊ नका, साहेबांना खरं काय ते सांगा, आठ दिवस मागा. दीर म्हणाले की मुकादम आठ दिवस देणार नाही, आणि साहेबांना रोज कोणी ना कोणी गाडीवाला भेटतोच आहे. ते बरोबर होतं. मग मी तेलाचा डबा मागच्या सीटखाली ठेवला, चिंध्या ठेवल्या, आणि सांगितलं की जिथे थांबाल तिथे खाली वाकून बघायचं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पायांत माझ्या यजमानांचे बूट, आत चिंध्या भरून.

पुढचं दिरांनी मला नंतर सांगितलं, तेही तुकड्यातुकड्याने. ठाण्यापर्यंत गाडी छान गेली. स्टेशनवर वाकून बघितलं तर एक थेंब. साहेब दोन, पांढरे कपडे. गाडीत बसल्यावर एकाने रुमाल नाकाला लावला, माशाच्या तेलाचा वास येत होता, इंजिन तापलं तसा जास्तच. कळवा मागे पडलं. दिघ्याच्या अलीकडे चढावर इंजिनातून खडखड ऐकू आली. दिरांनी लगेच गाडी बंद केली. ती वेळेवर बंद केली म्हणून इंजिन वाचलं, हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे, कारण नंतर गावात उलट सांगितलं गेलं. मागे रस्त्यावर तेलाची रेघ होती. तिरक्या बोल्टच्या कडेने राळ वितळून पाझरत होती आणि कापसाची वात बाहेर लोंबत होती, तिच्यावरून तेल ठिबकत होतं, समईचं ठिबकावं तसं.

दीर तसेच गाडीखाली गेले. उकळतं तेल कोपरापर्यंत आलं. इस्त्रीचा शर्ट काढून त्यांनी भोकाशी दाबून धरला. साहेब बाहेर उभे राहून बघत होते. थोड्या वेळाने खडीचा ट्रक आला, तो साहेबांनी थांबवला आणि त्यात चढले. जाताना एक साहेब चांगल्या शब्दांत म्हणाला की तुझी काही चूक नाही, पण उद्या येऊ नकोस.

गाडी बैलांनी ओढून आणली. मामा बघायला आले. खाली वाकले, वात हातात घेतली, वास घेतला. मग म्हणाले की उन्हात चालवली म्हणून झालं, रात्रभर पाणी पाजलं असतं तर गळली नसती. कोणीतरी सांगितलं की पाजलं होतं. ते म्हणाले मग कमी पाजलं.

त्या क्षणी मला त्या माणसाची जी किळस आली ती अजून तशीच आहे. त्याच्या थुंकीची, राळेची, त्याच्या निर्मळ चेहऱ्याची. लबाड माणसाला निदान आपण काय केलं ते ठाऊक असतं. मामा त्या दिवशीही आमच्याकडे जेवले. सासूबाईंनी त्यांना बोंबलाचा मधला तुकडा वाढला, आणि वाढणाऱ्या हाताला मीच तांब्या दिला. दिवाळीला ते आले, बहिणीला लुगडं आणलं. पावसाळ्यात खाजणातला तुकडा त्यांनी लावला, पीक चांगलं आलं, त्यातले दोन कुडव तांदूळ आमच्याकडे पाठवले. दीर त्या तांदळाचा भात जेवत नव्हते. बाकी आम्ही जेवलो.

दीर मंगळवारी मिठागरावर गेले. भाजलेल्या हाताला फडकं बांधलेलं, पायांना चिंध्या. संध्याकाळी आल्यावर हाताचं फडकं सोडलं तेव्हा आत मीठ गेलेलं. त्यावर काय लावायचं ते मला सुचलं नाही.

पुढच्या गोष्टी मी शक्य तशा उरकल्या. गाडी दोन वर्षं खळ्यात कुजली, कोंबड्या आत अंडी घालायच्या, शेवटी कल्याणच्या एका भंगारवाल्याला दिली. त्यानेही तो बोल्ट काढून बघितला नाही. हंडा बदलला, तेलाचा वास गेला नाही म्हणून. टोप मात्र अजून वापरात आहे. सासूबाई गेल्या साली वारल्या, त्यांचं सगळं रीतसर झालं. मामा आले होते, त्यांना आता नीट दिसत नाही.

रस्त्याला आता कारखान्यांची रांग आहे. सकाळी सायकली आणि गाड्या जातात. ड्रायव्हर पाहिजे, अशा पाट्या दोनतीन फाटकांवर मी स्वतः वाचल्या आहेत आणि घरी येऊन सांगितल्या आहेत. दीर ऐकून घेतात. पण त्यांचं लायसन्स संपलं आहे. ते नवं करायला ठाण्याला जावं लागतं, एक पूर्ण दिवस मोडतो, आणि मुकादम दिवस देत नाही. मी म्हणते पावसाळ्यात जाऊ, तेव्हा मिठागर बंद असतं. पावसाळ्यात ते म्हणतात की भातलावणी उरकू दे. फोटो काढून ठेवले आहेत, दोन प्रती, माझ्या ट्रंकेत. जुनं लायसन्सही तिथेच आहे. परवा पुन्हा विचारलं. म्हणाले, "बघू वयनी, यो मिठाचा ढीग उठू दे."

ढीग अजून उठलेला नाही. ठाण्याला जायचं राहिलं आहे.